सोलापुरात बिऱ्हाड थाटताना: आधी हौद बघा, मग हॉल

सोलापुरात भाड्याचं घर बघायला गेलं की मालक आधी हॉल दाखवतो, मग स्वयंपाकघरातली नवी कपाटं, मग गॅलरी. तुम्ही आधी हौदाचं झाकण उचलायला सांगा. मालक जरा चमकतो, पण उचलतो. लहान मुलं असलेलं घर या गावात महिन्याभरात रुळतं की सहा महिने धडपडत राहतं, हे बरंचसं त्या झाकणाखाली ठरतं.

इथं नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरणावरून येणारी थेट पाइपलाइन, भीमेवरचं टाकळी आणि हिप्परग्याचा तलाव यांवर शहराची तहान भागते. उजनीची लाइनच शंभरावर किलोमीटरची आहे. वाटेत कुठं पाइप फुटला किंवा पंपांची वीज गेली, की त्या दिवसाची पाळी चुकते आणि तिच्यामागच्या सगळ्या पाळ्या एकेक दिवस पुढं सरकतात. भागाप्रमाणे तीन, चार, कधी पाच दिवसांआड पाणी येतं. वेळही ठरलेली नसते. काही गल्ल्यांत पहाटे येतं, काही ठिकाणी रात्री दोनला. म्हणून मालकाला नको, शेजारच्या घरातल्या बाईंना तीन गोष्टी विचारा: पाणी किती दिवसांनी येतं, किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं. मालक सहसा पाण्याच्या बाबतीत 'काही प्रॉब्लेम नाही' एवढंच सांगतो.

आता गणित. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी रोज १३५ लिटरचा आहे, म्हणजे चौघांना ५४० लिटर. जपून वापरणाऱ्या घराचं ४०० लिटरमध्ये भागतं. चार दिवसांआड पाणी म्हणजे पाच दिवसांचा साठा, २००० लिटर. दोन दिवस पाळी सरकेल असं धरूनच चालायचं, म्हणजे आणखी ८००. उन्हाळ्यात कूलर रोज पन्नासेक लिटर पितो तो वेगळा. असं करत एका कुटुंबाला ३००० लिटरचा साठा लागतो.

पाच फूट लांब, पाच फूट रुंद आणि पाच फूट खोल हौद १२५ घनफुटांचा, म्हणजे साधारण ३५०० लिटरचा होतो. मालक हाच आकडा सांगतो. पण मोटरचा फूट व्हॉल्व, म्हणजे पाणी ओढणारं खालचं टोक, तळापासून चार-सहा इंच वर असतो आणि वरचं अर्धा फूट भरत नाही. हाती येतं ते चार फूट पाणी, म्हणजे २८०० लिटर. एका घराला ते कसंबसं पुरतं. तोच हौद चार भाडेकरूंत वाटलेला असेल तर ते घर सोडून द्या, हॉल कितीही मोठा असो. अपार्टमेंट असेल तर फ्लॅटची संख्या गुणिले ३००० करून सोसायटीच्या टाकीशी ताडून बघा. आठ फ्लॅटला २४,००० लिटर लागतात. कमी पडत असेल तर टँकर कोण मागवतं, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे मागतात, हे करार करण्याआधी विचारा.

हौद मोठा असून भरतच नाही, असंही होतं. पाण्याच्या दिवशी घर बघायला मिळालं तर १५ लिटरची बादली नळाखाली लावा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. मिनिटात भरली तर तासाला ९०० लिटर येतात, तीन तासांत २७००. दोन मिनिटं लागली तर त्याच वेळात जेमतेम १३५० लिटर मिळतील, मग हौद कितीही खोल असून काय उपयोग? लाइनच्या शेवटच्या टोकाला आणि चढावरच्या घरांना हाच त्रास असतो. त्यावर उपाय म्हणून काही जण थेट नळाला मोटर जोडतात. ते बेकायदा आहे, मोटर जप्त होते, शिवाय शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो. नव्या गल्लीत ओळख व्हायच्या आधी भांडण कशाला?

बोअर असेल तर गच्चीवर दोन टाक्या आहेत का आणि कुठल्या नळाला कुठलं पाणी येतं, हे एकेक नळ सोडून तपासा. इथलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला दुप्पट वेळ घेते, गीझरच्या रॉडवर खडूसारखा थर चढतो. संडास-बाथरूमला बोअर आणि स्वयंपाकघराला नळाचं, अशी जोडणी असेल तर घर चांगलं म्हणायचं. दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळत असेल तर पुढचा सगळा खर्च फिल्टरवर होतो. फिल्टर घ्यायचा तर आधी दीड-दोनशे रुपयांच्या मीटरने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, किती आहेत ते बघा. पिण्यासाठी ५०० पर्यंत उत्तम समजतात. नळाचं पाणी त्याच्या खाली असेल तर यूव्हीवर भागतं. आरओ मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागं दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, आणि पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ते परवडत नाही. आधीच घेतलेलं असेल तर त्याची पांढरी नळी बादलीत सोडा. ते पाणी फरशीला चालतं.

ताबा मिळाला की पाण्याच्या आदल्या दिवशी हौद उपसून घ्या. ताठ ब्रशनं भिंती घासा, विशेषतः पाण्याची रेघ उमटलेली असते तो पट्टा. डेंग्यूचा डास तिथंच अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. पाणी नुसतं बदललं तर तीच अंडी पुन्हा फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून बॅरल, पिंप, कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची. झाकण घट्ट बसत नसेल तर जुन्या सुती साडीचं कापड ताणून बांधा. घरात रांगणारं मूल असेल तर हौदाच्या झाकणाला कडी आणि कुलूप हवंच. इथं त्यात तडजोड नाही.

टाकीतल्या पाण्यातलं क्लोरीन दोन-तीन दिवसांत उडून जातं. म्हणजे पाळीच्या शेवटी शेवटी जे पाणी पिता, त्याला कसलंच संरक्षण उरत नाही. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा, एवढं प्रमाण पुरतं. पावडर थेट हौदात टाकू नका. बादलीभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी हौदात ओता आणि अर्धा-एक तास थांबा. उघड्या पिशवीतली टीसीएल महिन्याभरात मरते, म्हणून छोटं पाकीट घ्या आणि घट्ट डब्यात ठेवा. प्यायचं पाणी माठात वेगळं, आणि ते काढायला लांब दांड्याचं ओगराळं. मुलं माठात फुलपात्र बुडवतात, पोट तिथूनच बिघडतं. नळ सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ येतं. ते झाडांना घाला, हौदात जाऊ देऊ नका.

पाण्याचं एवढं झाल्यावर भाग निवडायचा. विजापूर रोड, सैफुल, जुळे सोलापूर, आसरा हा पट्टा नोकरदार कुटुंबांचा. मोकळे प्लॉट, शाळा, क्लासेस, नवी दुकानं. मात्र यातला बराचसा हद्दवाढ भाग आहे. १९९२ साली गावं महापालिकेत आली, पण ड्रेनेज आणि पक्के रस्ते सगळीकडं त्याच वेगानं पोचले नाहीत. आतल्या गल्लीतलं घर असेल तर सेप्टिक टँक आहे की ड्रेनेज, हे विचारून घ्या. जमीन काळी आहे. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर स्कूटरच्या मडगार्डमध्ये चिखल भरून चाकच फिरत नाही, आणि इथला मोठा पाऊस सप्टेंबरात येतो, तेव्हा शाळा ऐन भरात असतात. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते. पाया उथळ असलेल्या घरांच्या भिंतींना तिरक्या चिरा पडतात. रंगाखाली लपलेली चीर खिडकीच्या कोपऱ्यापासून सुरू होते, तिथं बोट फिरवून बघा.

सात रस्ता, रेल्वे लाइन्स, मोदी या भागातून स्टेशन हाकेवर आहे. जोडीदार पुण्या-मुंबईत नोकरीला असून शनिवार-रविवार येणार असेल तर याचा विचार करा. पुण्याला सकाळी हुतात्मा एक्सप्रेस, मुंबईला रात्रीची सिद्धेश्वर, आणि फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत. पेठांमध्ये डॉक्टर, किराणा, दूध पावलावर मिळतं, गाडी लावायला जागा मात्र नसते. अशोक चौक, साखर पेठ, नीलम नगर, विडी घरकुल हा पूर्वेचा भाग विणकरांचा. घरं स्वस्त, शेजार मायेचा. पण यंत्रमागाचा खडखडाट पहिल्या भेटीत जाणवेलच असं नाही, कारण तेव्हा नेमके माग बंद असू शकतात. झोपेच्या वेळी, दुपारी तीनला आणि रात्री दहाला, पुन्हा एकदा चक्कर मारा. होटगी रोडला गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. त्या रस्त्यावरून मुलाला सायकलवर एकटं पाठवू नका. सिटी बसवर फार विसंबता येत नाही. दुचाकी, शेअर रिक्षा आणि शाळेची व्हॅन यांवरच गाव चालतं. गाव आटोपशीर असल्यामुळे कुठूनही कुठं जायला फार वेळ लागत नाही, ही जमेची बाजू.

घर दुपारी चार वाजता बघा. सकाळी दहाला सगळीच घरं गार असतात. मार्चअखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पारा चाळिशीच्या आसपास असतो, एप्रिल-मेमध्ये त्रेचाळीस-चव्वेचाळीसही होतो. सगळ्यात वरचा मजला आणि पश्चिमेची बेडरूम हा जोड तान्ह्या बाळाच्या घरानं घेऊ नये. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. चटका जाणवला तर ती भिंत रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहणार. वरचाच मजला घ्यावा लागला तर मालकाकडून मार्चमध्येच गच्चीला चुन्याचे दोन हात किंवा पांढरा उष्णतारोधक रंग मारून घेण्याचं करारात लिहा. तोंडी ठरलेलं मे उजाडला तरी होत नाही.

एप्रिल-मेमधली हवा कोरडी असते, म्हणून कूलर चांगलं काम करतो आणि एसीपेक्षा बिलही कमी येतं. पण त्याची पाठ उघड्या खिडकीबाहेर हवी आणि समोरचं दार किंचित उघडं. बंद खोलीत तो नुसती दमट हवा घुसळतो, आणि बाळाच्या अंगावर घामोळ्या उठतात. जूनमध्ये हवेत ओल आली की त्याचा उपयोग संपतो. कूलरमध्ये बोअरचं पाणी घातलं तर जाळ्या एका हंगामात क्षार धरून दगड होतात. आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. गच्चीवरची काळी टाकी आणि उघडे पाइप यांतून दुपारी दोन वाजता पोळेल इतकं गरम पाणी येतं. मुलाला नळाखाली धरण्याआधी आपला हात धरा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळा आहे म्हणून वरचं पाणी देऊ नका. ते आईच्या दुधातूनच मिळतं, फक्त पाजण्याच्या वेळा वाढवा.

सामान हलवायला मेचा शेवटचा आठवडा किंवा दिवाळीची सुट्टी बरी. शाळा १५ जूनच्या आसपास सुरू होतात, त्याआधी हौद-नळ-गॅस मार्गी लागलेलं असावं. पुण्याहून अंतर अडीचशे किलोमीटर, वन बीएचकेला टाटा ४०७ पुरते, टू बीएचकेला चौदा फुटी आयशर. आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी लोणी काळभोर-यवत भागात असते तेव्हा पुणे-सोलापूर रस्त्यावरची वाहतूक वळवतात, त्या तारखा टाळा. सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर मध्यवस्तीचे रस्ते बंद असतात. ट्रक आत येणार नाही. शहरात जड वाहनांच्या बंदीच्या वेळा बदलत राहतात, त्या चालकाकडून पक्क्या करून घ्या. ट्रकमधून पहिलं काय उतरवायचं? २०० लिटरचे दोन बॅरल आणि पाइप. फ्रिज आडवा आणला असेल तर उभा करून चार-सहा तासांनीच सुरू करा. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे वाहतुकीचे बोल्ट मागं लावायला विसरू नका, नाहीतर ड्रम हलून खराब होतो.

सिलिंडर ट्रकमध्ये घालू नका. जुन्या एजन्सीकडं सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर आणि अनामत परत घ्यायची, सोलापुरातल्या त्याच कंपनीच्या एजन्सीत ते दाखवून आजच्या दरानं अनामत भरायची. मूळ पावती हरवलेली असेल तर सगळं इथंच अडतं, म्हणून महिनाभर आधी शोधा. मध्ये आठवडा जाईल असं धरून इंडक्शन शेगडी हाताशी ठेवा. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. घरबसल्या ऑनलाइन होते, शहरी भागात नोंदणी फी १००० रुपये. नोंदवलेला करार पत्ता बदलण्यासाठी आणि शाळेसाठीही लागतो, तेव्हा 'नंतर बघू' यावर थांबू नका. वीजमीटरचा रीडिंगसह फोटो ताबा घेतानाच काढा आणि जुनं बिल भरल्याची पावती मागा. गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर नंबर बदलायचा नाही, फक्त पत्ता. कर्नाटक-तेलंगणातून आला असाल तर एनओसी तिथूनच घेऊन निघा, नंतर फेरा पडतो.

शाळेसाठी पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, नर्सरीला तीन. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला म्हणजे काम झालं असं पालकांना वाटतं. खरी अडचण पोर्टलवर होते. जुन्या शाळेनं यूडायसवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर, मुलाला ड्रॉप बॉक्समध्ये (शाळा सोडलेल्यांच्या यादीत) टाकल्याशिवाय नव्या शाळेला त्याच्या पेन नंबरवरून, म्हणजे कायम शिक्षण क्रमांकावरून, नाव ओढता येत नाही. सुट्टीत जुन्या शाळेचे लिपिक भेटत नाहीत. म्हणून एप्रिलमध्ये दाखला घेतानाच 'ड्रॉप बॉक्सला टाकलं का' हे विचारा आणि पेन नंबर लिहून घ्या. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधार यांत एका अक्षराचा फरक असेल तर तो जुन्याच शाळेत दुरुस्त करा. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांकडं दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची सही मागतात. आठवीपर्यंत दाखला उशिरा आला या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, हे शाळेला नम्रपणे आठवण करून द्यावं लागतं कधीकधी. या गावात मराठी आणि इंग्रजीखेरीज कन्नड, तेलुगू, उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. उन्हाळ्यात शाळा सकाळी भरतात. आई-वडील दोघं नोकरीला असाल तर मार्च-एप्रिलमध्ये अकरानंतर मूल कुणाकडं राहणार, हे जूनमध्येच ठरवा.

लसीकरणाचं माता व बाल संरक्षण कार्ड सामानात बांधू नका, पर्समध्ये ठेवा. घर हलवण्याच्या धामधुमीत सोळा ते चोवीस महिन्यांचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी बूस्टर हमखास राहतो. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात कार्ड दाखवलं की पुढचे डोस मोफत चालू होतात. तिथल्या आशाताईंचा नंबर घेऊन ठेवा. शेताला लागून घर असेल तर विंचू असतात. मुलांचे बूट झटकून घालायचे, आणि चावला तर पानपाल्यात वेळ न घालवता थेट छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ज्याला गाव सिव्हिल म्हणतं, ते गाठायचं.

बाजाराला लक्ष्मी मंडई आणि मंगळवार बाजार. दुकानदाराला 'मालक' म्हटलं की काम लवकर होतं. पूर्व भागात 'अण्णा', 'अक्का' चालतं. मूल आठवड्याभरात 'काय बे' म्हणायला लागेल. मित्रांत ते प्रेमाचं असतं, आजोबांपुढं मात्र ते चालत नाही, हे तेवढं समजावून ठेवा.

आणि भाकरीचं. नवखं घर पहिल्या महिन्यात पाच किलो ज्वारीचं पीठ एकदम आणतं आणि तिसऱ्या आठवड्यात भाकरी थापताना कडा फाटायला लागल्या की पाण्याला नावं ठेवतं. पीठ शिळं झालेलं असतं, त्याची विरी (चिकटपणा) जाते. मालदांडी ज्वारी पोत्यानं घ्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा माल येतो तेव्हा, दोन दिवस उन्हात तापवून कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासकट कोठीत भरा. गिरणीतून मात्र आठवड्यापुरतंच, दोन किलो दळून आणा.